कोवळं हिरवं

आर्पेनिक, तुझ्या मूत्रपिंडाचा तुकडा
शेवयाच्या तुटक्या काडीएवढा.
मेणात थिजवला, कापला, काचेवर घेतला,
काँगो रेडमध्ये बुडवून ठेवला,
आणि दिवा लावायच्या आधी
उगीच खिडकीकडे बघून घेतलं.
आमची प्रयोगशाळा तळघरात. खिडकीतून
येरेव्हानचे नुसते बूट दिसतात, बर्फ तुडवणारे.

कागदावर तुझं नाव वाचलं
तेव्हा आधी लवाशचा वास आला.
अपारान, माझ्या मावशीची गल्ली,
जमिनीत पुरलेली तुझी भट्टी
आणि कमरेपासून आत झुकलेली तू.
आम्हा पोरांना बाहेर नुसते पाय दिसायचे.
तुझा ताप आम्हाला पाठ होता:
तीन दिवस पोट लाकडासारखं,
चौथ्या दिवशी भट्टीवर.
"पाहुणा गेला," म्हणायचीस,
आणि पहिली रोटी आम्हाला फाडून द्यायचीस.

सातव्या वर्षी अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं होतं.
अपेंडिक्स ठणठणीत निघालं.
चाळिशीत कुणीतरी तापाला खऱ्या नावानं हाक मारली,
शरदात उगवणाऱ्या जांभळ्या फुलाच्या
गोळ्या दिल्या. पाहुणा यायचा थांबला.
तो थांबला म्हणून तू गोळ्या थांबवल्यास.
पोट बिघडतं त्यांनी,
आणि कणिक अर्ध्यात टाकून
सारखं सारखं कोण उठणार?

मग हात भाजला, कोपराखाली.
लोणी लावलंस, चिघळला.
त्यात खोकला. त्यात दाढेत पू.
अख्खा हिवाळा एकही आग पुरती विझली नाही,
आणि जुना पाहुणा परतला तो मुक्कामालाच.

यकृत इमानी असतं गं.
जखम दिसली की एक प्रथिन पाठवतं,
हाक मोठी असेल तर शेकडो पट.
दोन-चार दिवसांचं काम, मग विरून जायचं.
तुझ्या हाका थांबल्याच नाहीत.
तेव्हा ते प्रथिन तुटलं, दुमडलं, एकात एक अडकलं,
न विरघळणारा धागा झालं
आणि मूत्रपिंडाच्या चाळण्यांत जाऊन बसलं.
कुंपण शेत खातं म्हणतात.
इथं राखणदार बांधावरच
आडवे झाले, ढिगानं,
आणि मागून नवे येतच राहिले.

चाळणी नुसती बुजली असती तरी समजलं असतं.
ही बुजतेही आणि गळतेही.
लघवीला फेस. घोटे मळलेल्या कणकेसारखे,
बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो.
तू सुनेला म्हणालीस, बूट आटलेत.

दिवा लावला. भिंगावर भिंग फिरवलं.
लाल होतं ते हिरवं झालं,
कच्च्या सफरचंदासारखं,
भर जानेवारीत.
सुंदर दिसतं.
वीस वर्षं बघतेय, दर वेळी सुंदर दिसतं,
आणि दर वेळी मी मान खाली घालून आकडा लिहिते.

डॉक्टर त्सोविनार म्हणाल्या, बरंच साचलंय.
आधी दाढ काढा, हात भरून येऊ द्या,
गोळ्या पुन्हा, आता न चुकवता.
आग शांत राहिली तर साचलेलंही कधी कधी हलतं.
कधी कधी, असं दोनदा म्हणाल्या.

मी यायला नको होतं, नियम आहे.
तरी शनिवारची बस धरली.
तू भट्टीत झुकलेलीच होतीस,
पांढऱ्या पट्टीचा हात काठाबाहेर उंच धरून,
दुसऱ्यानं थापत.
मूत्रपिंडाचं काही विचारलं नाहीस.
"यात मीठ नाही," म्हणालीस, "सुनेनं बंद केलंय.
खा, आणि खरं सांग."

खाल्लं.
खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.